छोट्या हेलिकॉप्टरला मोठी मोटर

रेडिओवर उडणारे विजेचे छोटे हेलिकॉप्टर ज्या घरात येते, त्या घरात काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो. सुरुवातीला ते जमिनीपासून हातभर वर नुसते स्थिर राहिले तरी टाळ्या पडायच्या. आता तेच सुस्त वाटू लागते. वाऱ्याची झुळूक आली की भरकटते, बॅटरी अर्धी झाली की जड होते आणि शेपटीतली अंगठ्याच्या पेराएवढी मोटर एक दिवस करपल्याचा वास सोडून बंद पडते. मग कोणीतरी म्हणतेच, ‘यात मोठी मोटर बसवली तर?’

बसवता येते. जगभरचे छांदिष्ट गेली वीसेक वर्षे हा उद्योग करत आले आहेत आणि त्या निमित्ताने अनेकांनी वीज, यांत्रिकी आणि सोल्डरिंग यांचे धडे गिरवले आहेत. पण ‘मोठी मोटर म्हणजे जास्त ताकद’ हे अर्धेच खरे आहे. मोटर ताकद तयार करत नाही. ती बॅटरीकडून वीज घेते, त्यातली काही फिरकीत बदलते आणि उरलेली उष्णता म्हणून सोडून देते. त्यामुळे मोटर बदलताना विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: वाढलेली उष्णता आता कुठे निघणार? मोटरमध्ये, तिला वीज देणाऱ्या सर्किटमध्ये, की लिथियमच्या बॅटरीमध्ये? पहिल्या दोन ठिकाणी निघाली तर पैसे जातात. तिसऱ्या ठिकाणी निघाली तर घरात आग लागू शकते.

रेडिओ हेलिकॉप्टर तसे फार जुने नाही. जर्मनीच्या डीटर श्ल्युटर यांनी १९७० च्या सुमारास भरवशाने ताब्यात राहणारे मॉडेल उडवून दाखवले आणि त्यांच्या बेल ह्यूईकोब्राच्या प्रतिकृतीचे जोडणी-संच बाजारात आले. ती यंत्रे इंधनावर चालत. विजेवर उडवायचे तर निकेलच्या बॅटऱ्या फार जड पडत. विमानाला पंखांचा आधार असतो, मोटर थोडी कमी पडली तरी ते तरंगत जाते. हेलिकॉप्टरला मात्र स्वतःला उचलून धरणारा वारा प्रत्येक क्षणी स्वतःच तयार करावा लागतो. वजनाला त्याच्याइतके हळवे यंत्र दुसरे नाही. एका जागी स्थिर राहण्यासाठी लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घातात वाढते. म्हणजे ३०० ग्रॅमच्या हेलिकॉप्टरवर ४५ ग्रॅमची भर टाकली, वजन १५ टक्क्यांनी वाढले, तर नुसते हवेत थांबायला सुमारे २३ टक्के जास्त शक्ती लागते. मोठी मोटर स्वतःही वजन घेऊन येते, हे तिच्या वेष्टनावर लिहिलेले नसते.

लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या २००० नंतर सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या आणि चित्र पालटले. तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० याच काळात आले, आणि त्याच्या आकाराला ‘४५०’ म्हणण्याची पद्धतच पडली. त्याहून स्वस्त, पाव किलोच्या आसपासची हेलिकॉप्टरे चीनमधून आली. ई-स्कायचे हनी बी हे त्यातले ओळखीचे नाव. या स्वस्त गटात साधारणपणे दोन ब्रशवाल्या मोटरी असत, एक मुख्य पंख्याला आणि एक शेपटीला. आणि मध्ये एकच बोर्ड. रिसीव्हर, दोन्ही मोटरींचे वेगनियंत्रण, त्यांचा मेळ घालणारे गणित आणि जायरो, सगळे त्या एका बोर्डावर. किंमत कमी ठेवण्याची ही हुशार युक्ती होती. पण मोटर बदलणाऱ्याच्या वाटेत पहिला खड्डाही हाच होता.

शेपटीची मोटर आधी का जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. मुख्य पंखा एका दिशेने फिरला की हेलिकॉप्टरचे अंग उलट्या दिशेने गरगरू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम. ते थोपवायला शेपटीचा पंखा आडवा वारा मारतो. मुख्य मोटरचा वेग निदान काही क्षण तरी स्थिर असतो, शेपटीच्या मोटरचा कधीच नसतो. जायरो तिला सेकंदातून अनेकदा ‘वाढव’, ‘कमी कर’ सांगत राहतो. फिरती वस्तू दरवेळी वेगात आणायची तर विजेचा जोरदार घोट लागतो. आणि हा घोट जातो कुठून? ब्रश नावाच्या दोन बारीक टोकांतून, जी फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर सतत घासत असतात. तिथे ठिणग्या उडतात, टोके झिजतात, काजळी धरते.

त्यात आणखी एक दुष्टचक्र असते. तारेतून वाहणारा प्रवाह दुप्पट झाला की तिच्यात निघणारी उष्णता चौपट होते. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्के. रोध वाढला की त्याच प्रवाहाला आणखी उष्णता. दुसरीकडे तापलेले चुंबक थोडे दुबळे होते, म्हणून तोच जोर मिळवायला मोटर आणखी प्रवाह ओढते. कुठेतरी तारेवरचे इनॅमल वितळते, शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि तो ओळखीचा वास येतो.

अशा वेळी बरेच जण शेपटीला थोडी मोठी ब्रशवाली मोटर लावतात. ती तापत नाही, शेपूट ताठ राहते, दोन-चार दिवस मजेत जातात. पण मोठी मोटर सुरू होताना जास्त प्रवाह मागते आणि तो प्रवाह बोर्डावरच्या तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या ट्रान्झिस्टरमधून जातो. त्याची क्षमता जुन्या मोटरपुरतीच बेतलेली असते. मोटर वाचते, ट्रान्झिस्टर जातो. आणि ट्रान्झिस्टरबरोबर रिसीव्हर, जायरो आणि मिश्रणाचे गणित, सगळे एका बोर्डावर असल्याने एकदमच कचऱ्यात. उष्णता संपलेली नसते, तिने फक्त मुक्काम हलवलेला असतो.

यावरचा खरा उपाय म्हणजे ब्रशलेस मोटर. हिच्यात रचना उलटी असते. तारेची गुंडाळी स्थिर असते आणि चुंबक फिरते, त्यामुळे घासणारे काहीच उरत नाही. गुंडाळी मोटरच्या स्थिर भागाला, आणि त्यातून हेलिकॉप्टरच्या सांगाड्याला टेकलेली असल्याने तिची उष्णता बाहेर पडायलाही वाट मिळते. फिरणारी चुंबके निओडिमियमची असतात. जपानच्या सुमितोमो आणि अमेरिकेच्या जनरल मोटर्स या दोन कंपन्यांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे विकसित झालेली ही चुंबके आकाराच्या मानाने विलक्षण ताकदवान आहेत. मात्र त्यांच्या साध्या प्रतीला ८० अंश सेल्सियसच्या पुढचे तापमान मानवत नाही. एकदा जास्त तापून गेलेले चुंबकत्व मोटर थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाही. मोटर दिसायला तशीच राहते, पण आधीइतक्या कामाला जास्त वीज पिऊ लागते.

ब्रश नसले तरी गुंडाळीतल्या प्रवाहाची दिशा वेळच्या वेळी बदलायला कोणीतरी हवे. ते काम इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर करतो. त्याच्यातून मोटरला तीन तारा जातात. कोणत्याही क्षणी त्यातल्या दोनच तारांत वीज सोडलेली असते. तिसऱ्या तारेत फिरत्या चुंबकामुळे जो दाब तयार होतो, तो वाचून कंट्रोलर चुंबक कुठे पोहोचले ते ओळखतो आणि पुढच्या जोडीत वीज सोडतो. हे सगळे सेकंदाला हजारो वेळा, वेगळा सेन्सर न लावता. जुन्या बोर्डावर मोटरला दोनच तारा असतात, तेव्हा ब्रशलेस मोटर घ्यायची म्हणजे कंट्रोलर वेगळा आला. मग रिसीव्हर वेगळा, जायरो वेगळा. मोटर बदलायला निघालेला माणूस अर्धे हेलिकॉप्टर बदलून बसतो, हे आधीच धरून चालावे.

मोटर निवडताना वेष्टनावर ‘३५५० केव्ही’ असे काहीतरी लिहिलेले दिसते. हे किलोव्होल्ट नव्हेत. भार नसताना एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, त्याचा हा आकडा. नवशिक्यांना तो ताकदीचा वाटतो आणि जितका मोठा तितका चांगला असे ते समजतात. प्रत्यक्षात केव्ही वाढला की त्याच प्रमाणात दर अँपिअरमागे मिळणारा पीळ कमी होतो. तो ताकदीचा आकडा नाही, सायकलच्या गिअरसारखा निवडीचा आहे.

४५० आकाराच्या हेलिकॉप्टरचे उदाहरण घेऊन हिशेब करू. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी म्हणजे ११.१ व्होल्ट. गुणिले ३५५०, म्हणजे मोटरचे मिनिटाला सुमारे ३९,४०० फेरे. मोटरच्या दांड्यावर १३ दातांचे छोटे दंतचक्र, ते फिरवते १५० दातांचे मोठे चक्र. म्हणजे पंख्याचे फेरे सुमारे ३,४००. हवेचा भार आल्यावर त्यातले प्रत्यक्षात २,८०० च्या आसपास उरतात. पंख्याचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरला तर पात्याचे टोक ताशी साधारण ३७० किलोमीटर वेगाने जात असते. या आकड्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता गंमत अशी की जास्त वेग हवा असेल तर मोटर बदलायचीही गरज नाही. १३ दातांच्या जागी १४ दातांचे चक्र लावले की झाले. एकच दात. वेग सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढतो. पण पंखा फिरवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते. पात्यांचा कोन तोच ठेवला तर पावणेआठ टक्के वेगासाठी २५ टक्के जास्त शक्ती द्यावी लागते. दाब तोच, म्हणजे बॅटरीतून प्रवाहही २५ टक्के जास्त. आणि प्रवाहाच्या वर्गात वाढणारी बॅटरीतली व तारांतली उष्णता जवळजवळ ५६ टक्क्यांनी जास्त. हे सगळे एका दातासाठी!

बॅटरीत एक सेल वाढवणे हा याहून मोठा मोह. दोन सेलऐवजी तीन लावले की दाब दीडपट होतो. पंखा खरोखरच दीडपट वेगाने फिरू शकला तर त्याला सुमारे ३.४ पट शक्ती लागेल. निकेलच्या ९.६ व्होल्टच्या जागी ११.१ व्होल्टची लिथियम बॅटरी लावणे हा तर त्या काळचा सगळ्यात लोकप्रिय बदल होता. बॅटरी हलकी होई, हेलिकॉप्टर टुणकन उडे. पण पूर्ण जोर दिला की मोटरवरची मागणी दीडपटीच्या पुढे जाई. अशा बदलानंतरची पहिली काही उड्डाणे फार सुंदर असतात.

हेलिकॉप्टरचा वेग वाढवण्याचा सर्वांत दूरवरचा प्रयोग नासाने केला, तोही मंगळावर. ‘इन्जेन्युइटी’ हे १.८ किलोचे हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे पहिल्यांदा उडाले. १.२ मीटर व्यासाचे, उलटसुलट फिरणारे दोन पंखे, सहा लिथियम-आयन सेल आणि पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट हवा. ऋतू बदलला तशी तिथली हवा आणखी विरळ झाली आणि मिनिटाला २,५३७ फेरे पुरेनासे झाले. ते २,७०० करायचे ठरले. पात्यांच्या टोकांचा वेग, मोटरवरचा भार आणि थरथर या तिन्हींची काळजी होती. म्हणून अभियंत्यांनी आधी हेलिकॉप्टर जमिनीवरच उभे ठेवून पंखे २,८०० पर्यंत फिरवून पाहिले, मग सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये पुढचे पाऊल टाकले. मोटरी तापतात म्हणून तिथली उड्डाणेही मिनिटांत मोजायची. दुरुस्तीला कोणी जाऊ शकणार नव्हते, तरी ते यंत्र ७२ वेळा उडाले. साडेसहा टक्के वेगासाठी एवढी तयारी, हे एक दात वाढवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला एक भाग नेहमी दुर्लक्षित राहतो. रिसीव्हर, जायरो आणि पात्यांचा कोन बदलणाऱ्या सर्व्हो मोटरी या सगळ्यांना साधारण ५ व्होल्ट लागतात. बॅटरी ११ व्होल्टची. मधला फरक उतरवण्याचे काम कंट्रोलरच्या पोटातले छोटे सर्किट करते. स्वस्त कंट्रोलरमध्ये ते जास्तीचा दाब सरळ उष्णतेत उडवून टाकते. सर्व्हो मिळून दीड अँपिअर ओढत असतील तर सहा व्होल्ट गुणिले दीड, म्हणजे नऊ वॅट. जुना ‘झिरोचा’ बल्ब बारा-पंधरा वॅट खायचा, त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेतून. ते सर्किट तापून क्षणभर थांबले तर रिसीव्हरची वीज जाते, आणि मग हातातल्या ट्रान्समीटरचा उपयोग शोभेपुरता. दोन सेलच्या बॅटरीवर चांगले चालणारे असे सर्किट तीन सेलवर दगा देते ते यामुळे. चार सर्व्हो आणि तीन सेल असतील तर दाब खटक्या-खटक्याने उतरवणारे, म्हणजे स्विचिंग प्रकारचे सर्किट घ्यावे. नवीन रिसीव्हर बसवल्यावर संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होते की नाही, हेही तपासावे. ही सोय बहुतेकांत असते, पण ती आपल्याला लावून घ्यावी लागते.

माझे मत विचाराल तर, पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर मोटरऐवजी चांगला जायरो घ्यावा. पूर्वी जायरोत खरोखरच एक छोटी मोटर धातूच्या चकत्या फिरवत असे. आता मोबाइल फोनमध्ये असते तशी सिलिकॉनची सूक्ष्म थरथरती रचना फिरकी ओळखते. मुख्य पंख्याच्या डोक्यावर पूर्वी जो आडवा स्थिरक दांडा असायचा, बेलचे आर्थर यंग आणि स्टॅन्ली हिलर यांच्या मूळ कल्पनांचा वारस, त्याचेही काम आता तीन अक्षांचा जायरो करतो. दांडा गेला, वजन आणि हवेचा अडथळा गेला, वाचलेली शक्ती फुकट मिळाली. हेलिकॉप्टर ‘दुबळे’ आहे असे ज्यांना वाटते, त्यातल्या अनेकांचे हेलिकॉप्टर दुबळे नसते, अस्थिर असते. मात्र जायरोला थरथर खपत नाही. वाकलेला दांडा किंवा असमतोल पाती यांची कंपने त्याला खरी हालचाल वाटू शकतात. म्हणून तो मऊ दुहेरी चिकटपट्टीवर बसवतात, आणि पाती जोडीने तोलून घेतात.

तळहातावर मावणाऱ्या, ४०-५० ग्रॅमच्या हेलिकॉप्टरांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या ७-८ मिलिमीटर जाडीच्या मोटरीत लोखंडी गाभाच नसतो. गुंडाळी नुसत्या चिकटद्रव्यावर उभी असते. म्हणून ती हलकी आणि चपळ, पण उष्णता साठवायला तिच्यात धातूच नाही. जमिनीत अडकलेला पंखा दोन-तीन सेकंद जोर लावून फिरवायचा प्रयत्न केला तरी ती जाऊ शकते. इथे ब्रशलेस बदल करतात, पण एकेक ग्रॅम मोजून, भिंगाखाली सोल्डर करून. पहिल्याच प्रयत्नासाठी ही जागा नव्हे.

सोल्डरवरून आठवले. शिसे-कथिलाचे सोल्डर वापरत असाल तर काम झाल्यावर, खाण्यापूर्वी, हात साबणाने धुवावेत. जो धूर दिसतो तो मुख्यतः शिशाचा नसून राळेचा असतो, पण दमा असलेल्यांना तो चांगलाच त्रास देतो. खिडकी उघडी हवी. कार्बन-फायबरचा सांगाडा घासायचा तर पाणी लावून, तोंडाला मास्क बांधून घासावा. त्याची पूड त्वचेला खाजवते आणि फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

आता बॅटरी. लिथियम-पॉलिमर सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२, आणि भार असताना ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. वेष्टनावर ‘२२०० मिलिअँपिअर-तास, २५ सी’ असे असेल तर २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर ती देऊ शकते असा उत्पादकाचा दावा. दावाच म्हणायचा, कारण हे आकडे उदारपणे छापले जातात. नव्या मोटरला जेवढा प्रवाह लागेल त्याच्या दुप्पट क्षमता लिहिलेली बॅटरी घेणे शहाणपणाचे.

क्षमतेपेक्षा जास्त ओढली, तळापर्यंत रिकामी केली किंवा जास्त भरली की सेलच्या आत नको त्या रासायनिक क्रिया सुरू होतात. वायू तयार होतो आणि पाकीट उशीसारखे फुगते. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरणारे भेटतात. त्यांनी हा हिशेब पाहावा: ११.१ व्होल्टच्या २२०० क्षमतेच्या बॅटरीत सुमारे २४ वॅट-तास ऊर्जा असते. पाव लिटर पाणी सहज उकळीला यावे, एवढी. आतला पडदा फाटून दोन्ही पत्रे एकमेकांना भिडले तर ती काही क्षणांत मोकळी होऊ लागते. शिवाय आतले द्रावक ज्वलनशील असते, त्याच्या जळण्याची उष्णता वेगळी. आणि त्यात विरघळलेल्या फ्लोरिनयुक्त क्षारामुळे धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा श्वसनमार्ग जाळणारा वायू असू शकतो. म्हणून पेटलेल्या बॅटरीजवळ व्हिडिओ काढत उभे राहू नये. माणसांना खोलीबाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि आग पसरते आहे असे वाटताच १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

हे टाळणे मात्र फारसे अवघड नाही. प्रत्येक सेल वेगळा पाहणाऱ्या, लिथियमसाठीच्याच चार्जरवर बॅटरी भरावी. क्षमतेएवढ्याच प्रवाहाने, म्हणजे २२०० च्या बॅटरीला २.२ अँपिअरने. मोकळ्या फरशीवर ठेवून आणि आपण जागे, समोर असताना. गादीवर, सोफ्यावर, चपलांच्या लाकडी कपाटावर किंवा रात्रभर लावून नव्हे. हेलिकॉप्टर आपटले असेल तर बॅटरी निदान अर्धा तास बाहेर, जळण्यासारखे काही जवळ नसलेल्या जागी ठेवावी. इजा झालेला सेल उशिराही पेटू शकतो. काही दिवस वापरायची नसेल तर दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी, पूर्ण भरून कपाटात नको. विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, टोके झाकून हातातल्या बॅगेत न्याव्या लागतात. आणि फुगलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकायची नाही. कचरागाडीत ती दाबली जाते. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच ती द्यावी.

मघाच्या त्या ताशी ३७० किलोमीटरकडे येऊ. वेग २० टक्क्यांनी वाढला की पात्यातली गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, आणि पाते धरून ठेवणाऱ्या बोल्टवरचा ताणही तेवढाच. मूळ हेलिकॉप्टरची प्लास्टिकची पकड त्या ताणासाठी घडवलेली नसते. मोठ्या मोटरबरोबर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पात्यांची वेगमर्यादा पाहिली नाही तर एखादे पाते निसटून गोळीसारखे जाते. डोळा हा इथला सर्वांत नाजूक अवयव. पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा-चष्मा लावणे भित्रेपणाचे नाही. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये मोठ्या आकाराच्या रेडिओ हेलिकॉप्टरचे पाते डोक्याला लागून ते उडवणाराच मरण पावला, आणि तो नवशिका नव्हता. छोटे हेलिकॉप्टर मारणार नाही कदाचित, पण बोट किंवा डोळा घालवायला ते पुरेसे आहे. सोसायटीच्या आवारात, मुले खेळत असताना, ४५० आकाराचे हेलिकॉप्टर उडवू नये ते यासाठी.

कायद्याचेही एक टोक इथे लागते. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’ आणि त्यावर २ किलोपर्यंतचे ‘मायक्रो’ गटात येते. २३० ग्रॅमच्या हेलिकॉप्टरवर जड मोटर आणि बॅटरी चढवली की ते कागदोपत्री दुसऱ्याच गटात गेलेले असते. उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे पाहावे. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

सगळे बसवून झाल्यावर पहिली चाचणी पाती काढून करावी. मोटर कोणत्या दिशेने फिरते ते पाहावे, उलटी फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी. मग पाती लावून, अंगापासून चांगले दहा-बारा मीटर दूर ठेवून, दोन मिनिटे नुसते स्थिर उडवावे आणि उतरवून मोटर, कंट्रोलर, बॅटरी यांचे तापमान घ्यावे. कोविडच्या दिवसांत घेतलेला कपाळाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची धाव तापापुरतीच असते. साधा औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर हवा. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून मोटरवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा. तेही नसेल तर बोट टेकवून पाहावे. पाच सेकंदही बोट ठेवता येत नसेल तर पृष्ठभाग साधारण ६० अंशांवर गेला आहे, आणि आतली गुंडाळी त्याहून गरम आहे. मग दंतचक्राचा एक दात कमी करावा.

आणि प्रवाह मोजायला महागडे मीटर लागतेच असे नाही. घड्याळ लावून पाच मिनिटे उडवा, मग बॅटरी भरताना चार्जरने परत किती घातले ते वाचा. २२०० च्या बॅटरीत १७६० परत गेले, तर ८० टक्के वापर झाला. याहून जास्त काढायचे नाही. १.७६ अँपिअर-तास पाच मिनिटांत, म्हणजे सरासरी २१ अँपिअर, साधारण २३५ वॅट. जुन्या मोटरवर हा आकडा घेऊन ठेवला असेल तर नव्या मोटरने काय मागितले ते लगेच कळते. आणि काही महिन्यांनी त्याच उड्डाणाला आकडा वाढलेला दिसला, तर चुंबक दुबळे झाले आहे किंवा कुठेतरी बेअरिंग घासते आहे. बॅटरीवर कागदाची पट्टी चिकटवून तारीख, मिनिटे आणि आकडा पेन्सिलीने लिहीत जावे.